मूल कोडं जुळवतंय, पण अक्षर बघतंय का?

तीन-चार वर्षांच्या मुलाला खाचांचं लाकडी अक्षरकोडं दिलं की थोड्याच दिवसांत ते सगळे तुकडे पटापट बसवायला लागतं. घरच्यांना वाटतं, अक्षरं आली. मग तोच 'म' पाटीवर काढून विचारला तर मूल गप्प. यात मुलाचं काही चुकलेलं नसतं. खाचेचा आकार, तुकड्याचा रंग, त्याची ठरलेली जागा, एवढ्यावर काम भागलं. अक्षराकडे बघायची गरजच पडली नाही. म्हणून कोडं घेताना किंवा बनवताना आधी एवढंच तपासावं: अक्षर झाकलं तरी कोडं सुटतं का? सुटत असेल तर बोटांना ते छान काम देईल, पण अक्षरओळख त्याने होणार नाही.

त्यापेक्षा दोन तुकड्यांच्या जोड्या घरीच बनवाव्यात. बाइंडिंगचा २ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घ्या. खोक्याचा नालीदार पुठ्ठा नको, त्याच्या कडा दोन दिवसांत चुरगळतात. १६ बाय ८ सेंटिमीटरचं कार्ड कापा, डाव्या अर्ध्यात चित्र, उजव्या अर्ध्यात अक्षर. सगळी अक्षरं एकाच काळ्या जाड मार्करने, एकाच मापाची. 'म' लाल आणि 'क' निळा केला की मूल रंग पाठ करतं. चित्र चिकटवताना फेविकॉल पातळ लावा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवा. ओला पुठ्ठा तसाच ठेवला तर वाकतो आणि मग तुकडे टेबलावर सपाट बसत नाहीत.

कार्ड मधोमध कापताना काप सगळीकडे सरळ आणि सारखाच हवा. प्रत्येक जोडीला वेगळी नागमोडी रेघ दिली तर पुन्हा तेच, मूल कडा जुळवणार. चूक त्याची त्याला कळावी म्हणून दोन्ही तुकड्यांच्या मागे सारखी खूण काढा: त्रिकोण, चांदणी, दोन ठिपके. काही मुलं आधीच उलटून बघायला लागतात. तिथे नियम करायचा, सगळ्या जोड्या मांडून झाल्या की मगच उलटायचं. एका वेळी चार जोड्या पुरे, फार तर सहा.

चित्रं निवडताना जपून. बाजारातले बरेच संच हिंदी मुलांसाठी बनवलेले असतात. त्यात 'ख'समोर ससा असतो, कारण हिंदीत तो खरगोश. मराठी मूल चित्र बघून 'ससा' म्हणतं आणि समोर 'ख' बघून गोंधळतं. अशा संचात 'ळ' बहुतेक नसतोच. मराठी शब्द 'ळ'ने सुरू होत नाहीत, म्हणून त्याचं चित्र शेवटच्या आवाजावरून घ्यावं: नळ, बाळ, फळ. आणि 'ल', 'श' यांचं वळण बघून घ्या. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. संगणकावरच्या अनेक फाँटमध्ये मात्र हिंदी वळण येतं. छापून घेण्यापेक्षा ही दोन अक्षरं हातानेच काढलेली बरी.

क्रम 'क ख ग घ' असा मुळीच नको. ब, द, क, घ, र, न, ळ, म, ग या नऊ अक्षरांपासून सुरुवात करा. त्यांतून लगेच शब्द होतात: घर, नळ, बदक, कमळ, मगर. काना-मात्रा काहीच लागत नाही. सारखी दिसणारी अक्षरं मात्र एकत्र आणायची नाहीत. घ पक्का होईपर्यंत ध बाजूला, म पक्का होईपर्यंत भ बाजूला, तसंच ब आणि व.

अक्षर डोळ्यांइतकंच बोटांनीही कळतं. हार्डवेअरच्या दुकानातला १२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या, अक्षर साधारण १० सेंटिमीटर उंच कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. अक्षर कागदाच्या गुळगुळीत बाजूवर आखायचं असतं, तेव्हा ते उलटं, आरशात दिसतं तसं आखा. सरळ आखलं तर खरखरीत बाजू वर केल्यावर उलटं अक्षर हाती येतं, आणि हे बहुतेकांचं एकदा होतंच. शिरोरेघेसकट कापा, नाहीतर ग, ण, श यांचे दोन तुकडे पडतात. सुरुवातीच्या जागी ठळक ठिपका द्या. तिथून दोन बोटं फिरवायची, शिरोरेघ शेवटी. बोट फिरत असताना मोठ्याने आवाज काढायचा: म, म, मगर.

यासाठी महागडी पेटी लागत नाही. बालशिक्षणात आयुष्यभर काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत परिसरातल्याच वस्तूंमधून साधनं उभी केली. खडूने आखलेल्या अक्षरावर चिंचोके मांडणं हा आजही उत्तम खेळ आहे. फक्त वस्तू तोंडात घालणारं मूल जवळपास असेल तर चिंचोके नकोत, आणि कोड्याचा कुठलाही तुकडा ५ सेंटिमीटरपेक्षा लहान नको.

एका जागी बसायला कंटाळणाऱ्या मुलांसाठी अंगणात सहा चौकोन आखून त्यांत अक्षरं लिहा आणि लंगडी घालत 'कमळातल्या क'वर जायला सांगा. दर खेळाला अक्षरांच्या जागा बदला, नाहीतर मूल जागा लक्षात ठेवतं.

अक्षरांचा पुढचा गट घ्यायची वेळ आली का, हे कोड्यावरून ठरवू नका. वर्तमानपत्राचा मथळा किंवा दुकानाची पाटी दाखवून 'यात म कुठे आहे?' असं विचारा. नऊपैकी सात-आठ अक्षरं अशी अनोळखी जागी सापडली की प, त, स, व, ल आणि सोबत काना घ्या. कान्यासाठी २ सेंटिमीटर रुंदीची, कार्डाएवढ्याच उंचीची वेगळी पट्टी कापा. अक्षराच्या कार्डावर आणि या पट्टीवर शिरोरेघ वरून बरोबर १.५ सेंटिमीटरवर, कडेपर्यंत नेऊन काढा, म्हणजे पट्टी शेजारी ठेवताच रेघ सलग जुळते. मग तेवढ्याच कार्डांतून कान, नाक, पान, साप, ताक, पाव असे शब्द मूल स्वतः लावू शकतं.