तुम्ही विचारलंत म्हणून : किती पट्ट्या आणि कशा पट्ट्या

‘सिंथेसायझर घ्यायचा आहे, किती पट्ट्यांचा घेऊ, आणि पट्ट्या हलक्या बऱ्या की जड?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा सोलापुरातले आणि आसपासच्या गावांतले भजनी मंडळांत पेटीची साथ करणारे असतात, किंवा मुलाला पेटी शिकवून आता पुढचे वाद्य घेऊन देऊ पाहणारे पालक. माझे उत्तर आधीच सांगतो : पट्ट्यांच्या संख्येपेक्षा पट्टीच्या दाबाकडे आणि चालीकडे जास्त लक्ष द्या, कारण आवाज पुढे बदलता येतात, बाहेरून जोडताही येतात, पण पट्टी जशी घेतली तशीच राहते.

संख्येचा विचार फार अवघड नाही. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात आणि आपली सगळी साथ तेवढ्यात बसते, कारण डावा हात भात्यावर असतो. सिंथेसायझरवर तो हात मोकळा होतो. त्याला तुम्ही काय काम देणार, यावर पट्ट्यांची संख्या ठरते. एका हाताने नुसती धून वाजवायची असेल तर ३७ किंवा ४९ पट्ट्याही पुरतात, कारण ऑक्टेव्ह शिफ्टचे बटण दाबले की वरचे किंवा खालचे सप्तक हाताखाली येते. पण डाव्या हाताला स्ट्रिंग्सचा, म्हणजे व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांच्या आवाजातला, धरलेला सूर आणि उजव्या हाताला बासरी, अशी विभागणी केली की ४९ पट्ट्यांत दोन्ही हातांची अडचण होऊ लागते, आणि म्हणून ६१, म्हणजे पाच सप्तके, हा आकडा मला बहुतेकांसाठी योग्य वाटतो. ८८ हा आकडा पियानोचा आहे. १९७० च्या मिनीमूग या सिंथेसायझरला ४४ पट्ट्या होत्या आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ला ६१. त्यामुळे ८८ पट्ट्या नाहीत म्हणून वाद्य अपुरे ठरत नाही. मुलांसाठी मात्र बारीक पट्ट्यांचे वाद्य घेऊ नका. नेहमीच्या आकारात एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटीमीटरचे असते, आणि बोटांना एकदा कमी अंतराची सवय लागली की मोठ्या वाद्यावर ती चुकीच्या पट्टीवर पडतात.

आता पट्टीच्या चालीविषयी. स्प्रिंगवरची पट्टी हलकी असते, दाबताच खाली जाते आणि लगेच वर येते. सेमी-वेटेड पट्टीत स्प्रिंगच्या जोडीला थोडे वजन असते, त्यामुळे बोटाला आधार मिळतो. हॅमर अ‍ॅक्शनमध्ये पट्टीबरोबर खरोखरच एक हातोडीसारखा भाग उचलला जातो, आणि पुष्कळ वाद्यांत खर्जाकडच्या पट्ट्या जड व तारसप्तकाकडच्या हलक्या ठेवलेल्या असतात, कारण पियानोतही तसेच असते. ज्याला पियानो शिकायचा आहे त्याने हॅमर अ‍ॅक्शनच घ्यावी. तिथे काटकसर करू नये.

मी स्वतः पियानो शिकणार नव्हतो, तरी पहिले चांगले वाद्य म्हणून ८८ जड पट्ट्यांचे घेतले. अभंगानंतर गजर सुरू झाला आणि लय चढत गेली की एकच स्वर झपाट्याने पुन्हा पुन्हा वाजवावा लागे; बोट परत येई, पण पट्टी अजून पुरती वर आलेली नसे, आणि तासाभराने मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येई. शिवाय सव्वा मीटरहून लांब असलेले ते वाद्य एसटीने पंढरपूरला नेणे हे एकट्याचे काम नव्हते. दोन वर्षांनी ते वाद्य मी पियानो शिकणाऱ्या एका मुलीला दिले. तिच्या हाताला ते अगदी योग्य आहे.

पेटीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेटीत आवाजाचा चढउतार भात्यातून येतो, बोटाच्या आघातातून नाही. आजच्या बहुतेक सिंथेसायझरच्या पट्टीखाली मात्र विजेचे दोन संपर्क असतात, आणि पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला यावरून वाद्य आघाताचा वेग मोजते व त्याला १ ते १२७ मधला आकडा देते. पेटीवर तयार झालेल्या हाताला ही वेलॉसिटी सुरुवातीला त्रास देते, स्वर लहानमोठे येतात. आपल्या भात्याचे काम तिथे पायाखालचे एक्स्प्रेशन पेडल करते, कारण स्वर धरून ठेवला असतानाही ते त्याला फुलवू किंवा मिटवू शकते. काही वाद्यांत दाबलेल्या पट्टीवर आणखी भार देऊन हाच परिणाम साधता येतो. त्याला आफ्टरटच म्हणतात. पण ते वाद्य परवडत नसेल तर निदान पेडल जोडण्याची सोय आहे ना, एवढे पाहून घ्या.

सोलापूरच्या हवेचाही विचार करावा लागतो. आमच्या पूर्व भागातल्या एका घरी, जिथे भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात, मी एक कीबोर्ड उघडला होता. पट्ट्यांखालच्या रबरी पट्टीच्या टोपणांत सुताचे बारीक तूस करड्या लोकरीसारखे दबून बसले होते. संपर्क असा मळला की एखादी पट्टी मुकी होते, किंवा कितीही हलके दाबा, मोठ्यानेच वाजते. वाजवून झाल्यावर त्यावर जाड सुती कापड टाकत जा, उन्हाळ्यात तर रोजच.

दुकानात गेलात की आवाज ऐकण्याआधी वीज बंद ठेवून पट्ट्या दाबून पाहा. पुढच्या कडेला दाबा, मग तीच पट्टी काळ्या पट्ट्यांच्या मधे, अगदी आत दाबा. आखूड पट्टीचा टेकू जवळ असतो, त्यामुळे आत दाबताना ती एकदम जड लागते. तुमचे गायक काळी दोन किंवा काळी चारमध्ये, म्हणजे त्या काळ्या पट्टीला सा धरून, गात असतील तर तुमची बोटे सतत तिथेच असणार. सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणाऱ्या ट्रान्स्पोजच्या बटणाने पांढरी एकची बोटे ठेवून निभावते, तरी त्याच्या भरवशावर शिकू नका, कारण उद्या समोर पेटी आली की हात अडखळतो. मग वीज चालू करा, पेडल लावा, आणि नमुन्याच्या धुना न ऐकता तुम्हाला पाठ असलेला एखादा गजर पूर्ण चढत्या लयीत, निदान दहा मिनिटे वाजवा. मनगट भरून आले, तर ते वाद्य घेऊ नका.