दोघांचा गेम आणि आमचा वायरवाला

“डाऊनलोड साठ येतंय न्हवं? मग अपलोड घेऊन काय करायचंय?” आमच्या भागातल्या इंटरनेटवाल्याच्या काउंटरवर हे वाक्य मी एका महिन्यातल्या चौथ्या चकरेला ऐकलं. डाऊनलोड म्हणजे घरात येणाऱ्या नेटचा वेग, अपलोड म्हणजे घरातून बाहेर जाणारा. बोलताना त्या काउंटरवरच्या पोरानं मोबाईलमधून मानही वर केली नाही.

मी आमच्या गावच्या मंगळवार पेठेतच, दोस्त पंधरा वर्षं पुण्यात. लहानपणी गल्लीत एकाच घरी कॅसेटचा गेम होता, त्यावर आम्ही ‘कॉन्ट्रा’ खेळायचो. स्वतःच्या लाइफ संपल्या की हा बिनदिक्कत माझ्यातली उचलायचा. आता चाळिशीत ठरलं, शनिवारी रात्री तासभर नेटवरून परत एकत्र खेळायचं. गेम निवडायचं काम अर्थातच माझ्याकडं. “तू ठरीव भावा, मला काय कळतंय त्यातलं.”

त्याला कळत नाही हे खरंच होतं. कंट्रोलरच्या एका काडीनं (स्टिकनं) चालायचं आणि दुसरीनं बघायचं, हे त्याला जमेना. तो भिंतीकडं तोंड करूनच उभा. म्हणून ‘पोर्टल २’ यादीतून काढला. २०११चा गेम, दोन रोबोंनी मिळून कोडी सोडवायची, मला जीव की प्राण. पण त्यात नजर फिरवता आली नाही तर काहीच होत नाही. दोघांतला एक नवखा असेल तर वरून दिसणारा, एकाच काडीवर चालणारा गेम घ्या. म्हणून मी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या सेलमध्ये ‘ओव्हरकुक्ड’ घेतला. स्वयंपाकघर, कांदे चिरायचे, सूप करायचं, ऑर्डर द्यायची.

इथं माझी चूक झाली. पानावर ‘को-ऑप’, म्हणजे मिळून खेळायचा, एवढं दिसलं आणि मी पैसे भरले. ‘ऑनलाइन को-ऑप’ आणि ‘शेअर्ड स्क्रीन को-ऑप’ ही दोन वेगळी लेबलं असतात. २०१६चा हा पहिला भाग एकाच पडद्यासमोर बसून खेळायचा आहे. ऑनलाइन आलं ते २०१८च्या दुसऱ्या भागात. परत करावा म्हटलं, तर स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवस आणि खेळणं दोन तासांच्या आत, अशी अट. मी दोस्तासमोर भाव खायला एकट्यानंच अडीच तास सराव करून बसलो होतो.

मग स्टीमचीच एक सोय कळली, ‘रिमोट प्ले टुगेदर’. गेम फक्त माझ्याकडं असला तरी चालतो. माझ्या कॉम्प्युटरवरचं चित्र व्हिडिओसारखं त्याच्याकडं जातं, त्याची बटणं माझ्याकडं येतात. पण चित्र जातं ते माझ्या अपलोडवर. आणि डाऊनलोड साठ एमबीपीएस असताना माझं अपलोड निघालं तीन. त्याचा आचारी कांद्यासमोर थांबे, आणि चित्र पुढं सरकेपर्यंत तो नदीत पडलेला असे.

पहिल्या चकरेला सांगितलं, वायफाय बंद करून चालू करा. केलं. दुसऱ्या चकरेला, लॅपटॉप जुना असेल. तेव्हा मी राउटरला थेट केबल लावून टेस्टचे फोटो घेऊन गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी फोटो बघितले, “साठ येतंय की” म्हणाल्या. मी खालच्या आकड्यावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, “गेमसाठी होय? मुलाला पाठवा, आमचा माणूस त्याला समजावून सांगंल.” मुलगा दुसरीत आहे माझा. चौथ्या दिवशी मेसेज आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. घरी कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं. तिसऱ्या चकरेला साहेब जेवायला गेलेले. मी पाऊण तास बसलो, साहेब आलेच नाहीत. चौथ्यांदा वर लिहिलेलं ते वाक्य. शेवटी एकोणिसाव्या दिवशी वायर जोडणारा पोरगा दुसऱ्याच कामाला आमच्या बिल्डिंगमध्ये आला, त्याला जिन्यात गाठलं. तो हसून म्हणाला, “दादा, तुमचा प्लॅनच तसला हाय. स्वस्तातल्याला अपलोड बांधलेलं असतंय. वरचा घ्या, दोन्ही एकसारखं मिळतंय.” महिन्याला दीडशे रुपयांचा फरक. एवढं एक वाक्य त्या काउंटरवर कुणाच्या तोंडून निघालं नाही.

त्या एकोणीस दिवसांत शनिवार वाया गेले नाहीत, ते ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’मुळं. एकाला बॉम्ब दिसतो, दुसऱ्याकडं तो निकामी करायचं पुस्तक. एकमेकांचं बघायचं नाही, फक्त बोलायचं. गेम एकानं घेतला की पुरतो, आणि मधे लागतो तो साधा फोन. पुस्तक फुकट मिळतं, तेवीस पानं. मी झेरॉक्सच्या दुकानात छापायला दिलं. वरचं नाव वाचून दुकानदारानं मला दोनदा न्याहाळलं. “तीन वायरी हायत, तांबडी एकबी न्हाई.” “मग दुसरी काप.” इथवर सोपं. पण इंग्रजीतले सारख्या उच्चाराचे शब्द फोनवर सांगायची वेळ आली की स्पेलिंगवरून भांडण, आणि तेवढ्यात धडाम.

नवा प्लॅन लागला त्या शनिवारी तीन लेव्हल न अडकता झाल्या. चौथीत त्यानं सूप करपवून किचनला आग लावली आणि “लाईनीचा प्रॉब्लेम हाय” म्हणाला. लाईन उत्तम होती.

आता ‘इट टेक्स टू’ उतरवून ठेवलाय. एकानं घेतला की दुसरा फ्रेंड्स पासवर फुकट खेळतो. पण त्यातही दोन काड्या लागतात, म्हणून दोस्ताचा सराव चालू आहे. कनेक्शन घेताना अपलोड किती ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तोंडी नको. आणि हेडफोन लावा, नाहीतर आपलाच आवाज घुमून परत येतो. बॉम्बचा गेम मात्र गॅलरीत उभं राहून खेळू नका. “कापू का? लवकर सांग, पंधरा सेकंद राहिलेत!” हे रात्री साडेअकराला ऐकून खालचे काका चप्पल न घालता वर आले होते.