पंधरा दिवस फुंकायचं नाही

दाढ काढून झाल्यावर डॉक्टरबाईंनी एक छापील कागद हातात ठेवला. त्यावर 'काय करावे' चार ओळींत उरकलं होतं आणि 'काय करू नये' पान उलटून मागे गेलं होतं. थुंकू नये. आज चूळ भरू नये. स्ट्रॉने पिऊ नये. नाक शिंकरू नये. विडी-सिगारेट ओढू नये. मी गॉझचा बोळा दातांत दाबून बसलो होतो. अर्धी जीभ आणि अर्धा ओठ दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे लोंबत होते. तशातच विचारलं, "आणि आशई?"

"काय?"

"आशई!"

बाईंनी मदतनीस मुलीकडे पाहिलं, तिने माझ्या बायकोकडे. मी दोन्ही हात उजव्या खांद्याकडे नेले आणि हवेत बोटं नाचवून दाखवली.

"बासरी म्हणताहेत," बायको म्हणाली. "वाजवतात ते. रोज."

त्या 'रोज'मध्ये नऊ वर्षांचा इतिहास होता.

"छे, छे. पंधरा दिवस फुंकायचं नाही," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी या, मी बघते, मग ठरवू."

मी बँकेत नोकरी करतो. पस्तिशीत बासरी हातात घेतली, म्हणजे ज्या वयात लोक ती सोडून देतात त्या वयात. दर रविवारी सकाळी गुरुजींकडे जातो, बाकीचे दिवस रात्री जेवणानंतर अर्धा-पाऊण तास स्वयंपाकघराच्या बाल्कनीत वाजवतो. मैफिलीबिफिलीचा प्रश्न नाही. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात निवेदक नाव चुकवून बोलावतात, तेवढीच आपली कीर्ती. पण पंधरा दिवस म्हटल्यावर पोटात खड्डा पडला. जबड्यात पडला होताच.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. माझी डावीकडची खालची विशीत निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. एक्स-रेत ती अगदी आडवी दिसली. रेल्वेच्या डब्यात कुणी बर्थवर आडवं होऊन शेजारच्याच्या पाठीला पाय लावून झोपावं, तशी. वर हिरडीची एक झडप, आणि तिच्याखाली खिचडीतल्या दाण्याच्या कुटाची कायमची सोय. दर दोन वर्षांनी ती सुजायची, मी गोळ्या घ्यायचो, सूज उतरायची आणि आमचं पुन्हा सख्य व्हायचं. यंदा मे महिन्यात तोंड उघडेना. दातखीळ बसणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरता वापरला होता, तो आता अंगावर आला.

अक्कल हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला, आणि अरबीतही या दाढेला अकलेचीच दाढ म्हणतात. तुर्की लोक जरा सावध. ते तिला नुसता 'वीस वर्षांचा दात' म्हणतात, अकलेची हमी देत नाहीत. मला सगळ्यात आवडलं ते जपानी नाव, 'ओयाशिराझु', म्हणजे आईबापांना ठाऊक नसलेला. आईला कौतुकाने सांगितलं तर म्हणाली, "मला सगळं ठाऊक होतं. परीक्षेच्या वेळी डब्यातल्या लवंगा कोण संपवत होतं?"

खालची दाढ कापून, तुकडे करून काढली. तिच्या डोक्यावरची वरचीही त्याच बैठकीत गेली, कारण खाली कुणी नसल्यावर ती नुसती हिरडीला टोचत राहिली असती. बासरीबंदीला त्यामुळे दोन स्वतंत्र कारणं झाली, आणि बाईंनी ती नीट समजावून सांगितली. दाढ निघते तिथे खड्डा राहतो, त्यात रक्त साकळून गुठळी बसते. ती गुठळी म्हणजे त्या खड्ड्याचं बूच. ओढण्या-फुंकण्याने ते निघून आलं तर खालचं हाड उघडं पडतं, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो ठणका लागतो तो कानापर्यंत जातो. वरच्या दाढेचं निराळंच. तिची मुळं कधी कधी सायनसच्या पोकळीला जवळजवळ टेकलेली असतात. मध्ये पापुद्र्याएवढं हाड. तोंडात हवेचा दाब वाढवला आणि तिथे भोक पडलं तर तोंड आणि नाक यांच्यात आडवाट तयार होते.

"पाणी पिताना नाकातून आलं तर लगेच फोन करा," बाई म्हणाल्या. मी पुढचे तीन दिवस प्रत्येक घोटाला नाकाकडे लक्ष ठेवून होतो.

बूच हा शब्द ऐकून मला बासरीच आठवली. बासरीच्या डाव्या टोकाला, फुंकायच्या छिद्रापलीकडे, आत एक बूच बसवलेलं असतं. ते थोडं जरी सरकलं तरी वरच्या आणि खालच्या सप्तकाचं आपसात पटेनासं होतं. गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'त्या बुचाला हात लावायचा नाही.' आता दोन बुचं झाली.

फुंकायचं नाही म्हटल्यावर कळलं की माणूस दिवसभर किती फुंकत असतो. पहिला चहा आला, त्यावर नकळत ओठांचा चंबू झाला आणि मी दचकून थांबलो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, माझी त्याच्या उलट गत. मी चहाचं ताक होईपर्यंत वाट बघत बसलो. चष्म्यावरची धूळ, पाकिटाचं तोंड उघडणं, चिकटलेली नोट, सगळीकडे फुंकर. रात्री देवापुढचं निरांजन मात्र बिनधोक होतं, ते आमच्याकडे फुंकून विझवत नाहीत, फुलाने शांत करतात. चौथ्या दिवशी लेक सायकलवरून पडली आणि गुडघा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. कागदावरचं सगळं विसरून मी वाकून फुंकर घातली. डाव्या गालात टाके ताणल्याची एक बारीक कळ आली. मग आम्ही दोघेही आपापलं दुखणं धरून सोफ्यावर बसलो.

खाण्यापिण्याचं फारसं रडगाणं गात नाही. गुरगुट्या भात, मेतकूट, शिरा, थंड पडलेली पेज. शहाळं पेल्यात ओतून. हापूसचा मोसम उतरणीला लागला होता तरी चमच्याने आमरस मिळत होता, आणि वाटीभर रस खाणाऱ्याची दया करायचं कुणाला कारण नाही.

खरं कठीण होतं ते रात्री साडेनऊनंतर. सवयीने बाल्कनीत जायचो, खुर्ची ओढायचो आणि नुसता बसायचो. पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "काय हो, गावाला गेला होतात का?" मी गालाकडे बोट दाखवलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून, "तरीच मालिका नीट ऐकू येतेय." यात सहानुभूती होती की समाधान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सहाव्या दिवशी बासरी पिशवीतून बाहेर काढली, नुसती बघायला. माझी बासरी पांढरी तीनची, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची, सुमारे ३० इंचांची. मे महिन्याच्या कोरड्या हवेत बांबूला तडा जाण्याची भीती असते, आणि रोजची तोंडची वाफही बंद होती. मोहरीच्या तेलाचा बोळा आतून-बाहेरून फिरवला, बांधलेल्या दोऱ्यावरून बोट फिरवून पाहिलं. मग मांडीवर आडवी ठेवून उगाचच बोटं ठेवली. वरची तीन छिद्रं बंद की षड्ज, सहाही बंद की मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम, सगळी मोकळी की तीव्र मध्यम. बोटं जरा जोरात पडली तेव्हा टप् असा आवाज झाला. दुसरं बोट, दुसरा टप्. कान जवळ नेला तर प्रत्येक टपाला सूर होता. इवलासा, पाण्यात खडा पडल्याएवढा, पण सूर. सहाही बोटं एकदम टाकली तर पंचमाची बारीकशी चाहूल आली.

मग रोज रात्री तेच. भूप रागाचे आलाप नाहीत, पण भूपाची पावलं. फुंक नसल्यामुळे एक घोटाळा उघडा पडला. माझं उजव्या हाताचं अनामिका बोट कायम उशिरा पडत होतं. नऊ वर्षं मी ते फुंकेच्या गदारोळात लपवत आलो होतो. गुरुजींना ते माहीत असणारच. त्यांनी सांगितलंही असेल. मी तेव्हा फुंकत असेन.

ही लांबलचक बासरी मांडीवर असली की बासरीवादक पन्नालाल घोष आठवतातच. १९११ साली आताच्या बांगलादेशातल्या बरिसालला जन्मलेला हा माणूस पुढे मुंबईत आला. रागसंगीताला पुरेल असा खर्ज आखूड बासरीत मिळेना, म्हणून लांबी वाढवत वाढवत त्यांनी ती ३२ इंचांपर्यंत नेली. सातवं छिद्रही त्यांचंच म्हणतात. १९६० साली, पन्नाशीच्या आतच, ते गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत मंद्रातला सूर निघतो तेव्हा फुंक कुठे सुरू झाली ते कळत नाही. माझी मात्र वरच्या मजल्यापर्यंत कळते, साक्षीला काकू आहेत.

पंधराव्या दिवशी बाईंनी तोंड उघडायला लावलं. उभी तीन बोटं जायला हवीत, माझी अडीच गेली. टाके विरघळले होते, खड्डा भरत आला होता. पाणी नाकातून? नाही. मग त्यांनी विचारलं, "बासरीला जोर किती लागतो हो? फुगा फुगवण्यासारखं का?"

इतकं चांगलं गिऱ्हाईक मिळाल्यावर मी सोडतो की काय. म्हटलं, फुगा नव्हे, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखं. फुंकेचा पातळ पट्टा छिद्राच्या पलीकडच्या कडेवर आपटतो, थोडा आत, थोडा बाहेर असा डोलतो, त्यातून सूर निघतो. तोंडात दाब फारसा नसतो, हवा मात्र भरपूर जाते. सनईचं उलटं, तिथे पत्तीच्या फटीतून हवा दाबून न्यावी लागते, गालांवर सगळा भार.

"मग सनई असती तर मी आणखी थांबवलं असतं," बाई म्हणाल्या. "रोज पाच मिनिटं. ठणकलं की बंद."

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती, ती आता सांगितली. खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा अजून मुंग्या आल्यासारखी होती. त्यांनी टोकदार काहीतरी लावून पाहिलं. खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठाकडे जाणारी नस जाते, ती दुखावली असेल, हळूहळू येईल, म्हणाल्या. हे शस्त्रक्रियेच्या आधीच्या कागदावर लिहिलेलंही होतं आणि मी त्याखाली सही केली होती, जशी लोक आमच्या बँकेत कर्जाच्या कागदांवर करतात.

त्या रात्री बासरी ओठाला लावली आणि पहिली अडचण फुंकेची नव्हतीच. छिद्र सापडेना. बासरी उजवीकडे धरतात, तरी बुचाचं टोक डाव्या गालाशी येतं, आणि तो गाल अजून किंचित फुगलेला. नेहमीची जागा नेहमीच्या जागी नव्हती. वाजवणारा छिद्राकडे बघू शकत नाही, खालचा ओठ त्याच्या कडेला टेकतो आणि त्यालाच सगळं दिसतं. माझ्या ओठाच्या एका कोपऱ्यात दिवे गेले होते. अंधारात किल्ली लावावी तसं मी छिद्र शोधत होतो. शेवटी फुंकलं तर फुस्स. नुसती हवा. डाव्या कोपऱ्यातून गळती. लेक अभ्यास सोडून बघायला आली आणि म्हणाली, "बाबा, कुकरची शिटी बसलीये का?"

जोर करायला गेलो तर जबड्यातून कळ. मग जोर काढून घेतला. ओठ सैल, जबडा सैल, गार काचेवर वाफ धरावी तेवढीच हवा. सहाही छिद्रं बंद. आधी काहीच नाही, मग बांबूच्या पोटात काहीतरी हललं आणि मंद्र पंचम आला. खरखर नाही, धक्का नाही. तो आला आहे हे मला कानापेक्षा बोटांना आधी कळलं, छिद्रांवरची बोटं थरथरली. पाच मिनिटं मी तेवढाच वाजवला. तार म्हणजे वरच्या सप्तकात जायची टाप नव्हतीच.

रविवारी गुरुजींना सगळी कथा सांगितली. त्यांना दाढेत रस नव्हता. "पंचम लावा," म्हणाले. मी भीतभीत लावला. गुरुजी डोळे मिटून बसले होते. श्वास संपला, दुसरा घेतला, तरी थांबा म्हणेनात. नेहमी दुसऱ्या श्वासाला 'फुंक द्यायची, मारायची नाही' येतं, ते आलं नाही. तासभर पंचम आणि त्याच्या आसपासचंच वाजवून घेतलं. निघताना म्हणाले, "हे असंच येऊ द्या." मी जिना उतरलो तो दोन-दोन पायऱ्या गाळून, चव्वेचाळिसाव्या वर्षी.

पुढचे तीन रविवार असेच गेले. नाण्याएवढी जागा आठवड्यागणिक आक्रसत गेली, आधी एक रुपयाएवढी, मग मुगाएवढी, मग एके दिवशी दाढी करताना लक्षात आलं की तिथे पात्याचा थंडपणा कळतोय. तीन बोटं जायला लागली. चिवडा खाल्ला. पाऊस सुरू झाला, बांबूला ओल मिळाली, आवाज भरला. बाल्कनीत एका रात्री तार षड्ज सुटला तो असा खणखणीत की समोरच्या इमारतीतलं कुत्रं भुंकलं. मी खूश.

त्या रविवारी मोठ्या उमेदीने गुरुजींसमोर बसलो. मंद्रातून उठलो, षड्जावर आलो, छाती भरून घेतली आणि वर गेलो. गुरुजींनी डोळे उघडले. तंबोऱ्याच्या यंत्राचा आवाज जरासा वाढवला.

"दाढ बरी झाली म्हणायची," ते म्हणाले.