नाही, हा मायकेलचा बाप नव्हे

हा जो जॅक्सन कोण, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जो जॅक्सनचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मायकेल जॅक्सनचे वडील ना?" नाही हो. ते अमेरिकेतल्या गॅरी गावचे, पोलाद कारखान्यात काम करणारे आणि पोरांना धाकात ठेवून गायला-नाचायला लावणारे. मी ज्याच्याबद्दल बोलतो तो इंग्रज गायक-संगीतकार. १९५४ साली बर्टन-अपॉन-ट्रेंटला जन्मला आणि पोर्ट्समथ या नौदलाच्या बंदरात वाढला. खरं नाव डेव्हिड. टीव्हीवरच्या एका बाहुल्यांच्या मालिकेत चष्मेवाला जो नावाचा पोरगा होता, त्याच्यासारखा दिसतो म्हणून पुढे याला 'जो' म्हणायला लागले आणि तेच चिकटलं.

दुसरा प्रश्न आमच्या ऑर्केस्ट्रातली मंडळी विचारतात. मी तिथे कीबोर्ड वाजवतो आणि तालमीच्या मधल्या वेळात याची गाणी लावतो, त्यामुळे विचारणं साहजिकच आहे. "अहो, हा नक्की वाजवतो तरी काय? परवा ऐकवलंत ते रॉक होतं, काल साल्सासारखं काहीतरी, आज सिंफनी. एका जागी टिकत का नाही?"

हा प्रश्न मला आवडतो, कारण त्यातली समजूत सगळ्यांचीच असते. माणूस आधी रॉकवाला होता, नाव झाल्यावर डोक्यात हवा गेली आणि सिंफन्या, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या लांब रचना, लिहायला लागला, अशी. घडलं ते बरोबर उलट. जगाला तो दिसला १९७९ साली, न्यू वेव्हच्या, म्हणजे पंकनंतर आलेल्या चटपटीत रॉकच्या लाटेत. त्याआधीची बरीच वर्षं कोणी पाहिलीच नव्हती.

लहानपणी त्याला दम्याचा जबर त्रास होता. मैदानी खेळ बंद, म्हणून शाळेत व्हायोलिन हातात आलं. मग पियानो, मग बीथोवनचं वेड. या पोराला व्हायचं होतं संगीत रचणारा, गायक नव्हे. सोळाव्या वर्षी तो बारमध्ये पियानो वाजवायला लागला, आणि पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये कॉम्पोझिशन शिकायला शिष्यवृत्ती मिळवून गेला. म्हणजे एकीकडे वाद्यवृंदासाठी लिहायचं शिक्षण, दुसरीकडे बारमध्ये वाजवणं. शिवाय स्वतःचा एक बँड, जो चालला नाही. तो सोडल्यावर पोर्ट्समथच्या प्लेबॉय क्लबात पियानोवादक आणि संगीत दिग्दर्शक. मग 'कॉफी अँड क्रीम' नावाच्या कॅबरे जोडीबरोबर दौरे. त्या पैशातून स्वतःच्या गाण्यांचा डेमो केला.

इथे मी जरा रेंगाळणार, कारण हे आयुष्य आम्हाला माहीत आहे. कार्यक्रमाची सुपारी घ्यायची, गायक ऐनवेळी म्हणाला की अर्धी पट्टी खाली घ्यायची, समोरचे लोक जेवत असले तरी पीस चुकवायचा नाही. असं काम केलेल्या माणसाला संगीतात उच्च-नीच मानणं परवडत नाही. आज लावणी, उद्या आर.डी., परवा भक्तिगीत, आणि तिन्ही नीटच वाजली पाहिजेत. पुढे जो जॅक्सनने जे केलं त्याचं मूळ मला अकॅडमीइतकंच त्या क्लबात दिसतं. त्याचं 'अ क्युअर फॉर ग्रॅव्हिटी' हे पुस्तक (१९९९) याच वर्षांबद्दल आहे आणि तो प्रसिद्ध होतो तिथे ते संपतं. पुढचं त्याला सांगावंसं वाटलं नाही, हे मला फार पटतं.

तो डेमो डेव्हिड कर्शेनबॉम या निर्मात्याने ऐकला, ए अँड एम कंपनीने करार केला, आणि जानेवारी १९७९ मध्ये 'लुक शार्प!' आला. मुखपृष्ठावर चेहरा नाही, नुसते टोकदार पांढरे बूट. गिटारवर गॅरी सॅनफर्ड, ड्रम्सवर डेव्ह हाउटन, आणि बेसवर ग्रॅहॅम मेबी. हा मेबी नीट ऐका. आपल्याकडे बेसवाला मागे उभा असतो. इथे गाणं त्याच्या खांद्यावर आहे. 'इज शी रिअली गोइंग आउट विथ हिम?' हे गाणं आधी १९७८ मध्ये आलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. पुन्हा काढलं तेव्हा ब्रिटनमध्ये तेराव्या आणि अमेरिकेत एकविसाव्या क्रमांकावर गेलं. सुंदर मुली गबाळ्या पोरांबरोबर का फिरतात, असा खिडकीतून बघणाऱ्याचा जळफळाट. त्याच वर्षी 'आय ॲम द मॅन'. त्यातलं 'इट्स डिफरंट फॉर गर्ल्स' ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर पोचलं. लोकांनी शिक्का मारला: चिडखोर, सडपातळ, न्यू वेव्ह.

१९८० च्या 'बीट क्रेझी'त रेगे हे जमैकाचं संगीत शिरलं, बँड फुटला, आणि १९८१ मध्ये या चिडखोर तरुणाने काय काढलं? 'जंपिन जाइव्ह'. लुई जॉर्डन आणि कॅब कॅलोवे यांची १९४० च्या दशकाच्या आसपासची स्विंग म्हणजे नाचऱ्या जॅझची गाणी, ट्रम्पेट-सॅक्सोफोनसकट. हा आल्बम तेव्हा गंमत म्हणून घेतला गेला. नव्वदीत अमेरिकेत स्विंगची फॅशन परत आली, तोवर याला ते करून दहा-पंधरा वर्षं झाली होती.

मग न्यूयॉर्क, आणि १९८२ चा 'नाइट अँड डे'. गिटार जवळपास बाद, त्याजागी पियानो, काँगा-टिंबाली ही लॅटिन तालवाद्यं आणि त्या शहरातल्या लॅटिन वस्त्यांचे ताल. 'स्टेपिन आउट' तुम्ही नाव माहीत नसतानाही कुठेतरी ऐकलं असेल: ड्रम मशीनचा न थांबणारा ठेका, खाली फिरत राहणारा बेस, वर पियानो. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे सहावा क्रमांक. त्याच आल्बमात 'रिअल मेन' आहे. पुरुष म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न तेव्हाच्या पॉपमध्ये इतक्या सरळ विचारणारे थोडे होते. पुढे टोरी एमॉस या पियानोवाल्या गायिकेने ते गायलं. आणि पहिल्या आल्बममधलं 'गॉट द टाइम' ॲन्थ्रॅक्स या मेटल बँडने १९९० मध्ये वाजवलं. एकाच माणसाची दोन गाणी या दोन टोकांना जातात, यावरून काय ते समजा.

इतकं यश त्याला परत मिळालं नाही. धंद्याच्या हिशेबाने त्याने 'नाइट अँड डे' आणखी चारदा काढायला हवा होता. त्याऐवजी त्याने १९८७ मध्ये 'विल पॉवर' हा शब्दांशिवायचा, वाद्यवृंदाचा आल्बम काढला, जो रॉकवाल्यांनी घेतला नाही आणि शास्त्रीयवाल्यांनी मोजला नाही. खरं सांगायचं तर तो मलाही जड जातो. त्यापेक्षा कोपोलाच्या 'टकर' चित्रपटाचं संगीत ऐका. नव्वदीच्या सुरुवातीला तर असा काळ आला की त्याला संगीत ऐकवेनासं झालं. त्यातून बाहेर येत १९९७ मध्ये ख्रिस्ती परंपरेतल्या सात पापांवरचं 'हेवन अँड हेल', आणि १९९९ मध्ये पहिली सिंफनी. तीही ऑर्केस्ट्राशिवाय: गिटारवर स्टीव्ह व्हाय, ट्रम्पेटवर टेरेन्स ब्लँचर्ड, असे मोजके जॅझ आणि रॉकवाले. तिला २००१ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही पॉप वाद्यसंगीताच्या विभागात! कुठल्या खणात ठेवायचं हे ग्रॅमीवाल्यांनाही उमजलं नसावं.

यानंतर तो सिंफन्यांकडेच जाईल असं वाटत असताना २००३ मध्ये जुन्या तिघांना गोळा करून 'व्हॉल्यूम ४' केला. २०१२ मध्ये ड्यूक एलिंग्टन या जॅझ वाद्यवृंदाच्या म्होरक्याला मानवंदना म्हणून 'द ड्यूक' केला आणि मुद्दाम ट्रम्पेट-सॅक्सोफोन वगळले, नक्कल होऊ नये म्हणून. एलिंग्टन वगळून एलिंग्टन करण्यासारखंच हे, पण जमलंय. त्यात इगी पॉप हा पंकवाला गातो, हे ऐकून आमचा ड्रमर अजून हसतो. २०२३ मध्ये तर मॅक्स चॅम्पियन नावाचा म्युझिक हॉलचा, म्हणजे जुन्या इंग्रजी करमणुकीच्या रंगमंचाचा गायक कल्पनेतून उभा करून त्याच्या नावाने आख्खा आल्बम केला. चार गाण्यांपर्यंत मजा येते, नंतर माझा उत्साह ओसरतो.

माणूस म्हणून हेकट आहे. व्हिडिओंमुळे गाणं ऐकण्यापेक्षा बघण्याची गोष्ट होते म्हणून ऐन ऐंशीच्या दशकात त्यांच्याविरुद्ध बोलला. सार्वजनिक धूम्रपानबंदीविरुद्ध तर लेख लिहिले, न्यूयॉर्कवर रुसला आणि पुढे बर्लिनला राहायला गेला. लहानपणी दम्याने बेजार झालेल्या माणसाने सिगारेटची वकिली करावी, हे मला आजही झेपत नाही.

सुरुवात कुठून करायची, हे तुम्ही पुढे विचारणारच. 'नाइट अँड डे' सगळेच सांगतील. मी 'बिग वर्ल्ड' देईन. जानेवारी १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या राउंडअबाउट थिएटरात प्रेक्षकांसमोर वाजवून थेट दोन ट्रॅकवर, म्हणजे वाद्यं वेगवेगळी न घेता एकदमच, ध्वनिमुद्रित केला, नंतर काही जोडजाड नाही. प्रेक्षकांना टाळ्या न वाजवता गप्प बसायला सांगितलं होतं. आपल्याकडे हे जमेल का, माहीत नाही. पहिल्या ओळींतच "वन्स मोअर" येईल. रेकॉर्ड कुठे मिळालीच तर दोन तबकड्या असतील. गाणी तीनच बाजूंना पुरली, भर घालायची त्याला गरज वाटली नाही. तेव्हा चौथ्या बाजूवर सुई ठेवू नका, ती कोरी आहे.