अर्धी पळी

तेलाच्या बरणीत एक पळी उभी असते. घरातल्या माणसाला वावराचा सातबारा तोंडपाठ असतो, गाय कोणत्या वेळेला किती दूध देते हेही सांगता येतं. पण दिवसातून दोनदा हातात येणाऱ्या या पळीत तेल किती मावतं, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘आता पळीभर म्हणजे पळीभर.’ कर्जाची गोष्ट निघाली की बोलणं बियाणं, खत, फवारणी, लग्न आणि दवाखाना इथवर जातं. पळीपर्यंत कुणी येत नाही.

तिचं माप घेणं सोपं आहे. पाव लिटरची रिकामी बाटली घ्यायची आणि पळीनं पाणी मोजत भरायची. दहा पळ्यांत भरली तर पळी २५ मिलीची, आठांत भरली तर ३० च्या थोडी वर. धरा ३०. भाजीत एक पळी पडत होती, तिथं अर्धी पडली तर एका वेळी १५ मिली वाचतं, दोन वेळचं ३० आणि महिन्याचं ९०० मिली. म्हणजे जवळजवळ एक थैली. थैली दीडशे रुपयांची धरली तर वर्षाचे सोळाशेच्या वर जातात, आणि ताटातला एकही पदार्थ कमी झालेला नसतो.

ऐकायला हे सोपं आहे. करायला गेलं की पहिल्याच संध्याकाळी ओसरीतून विचारणा होते, ‘आज पाण्याचीच फोडणी देल्ली का वं?’ इकडे विदर्भात भाजीवर तेल दिसलं नाही तर भाजी झाली असं कुणी मानत नाही. मग भाजी कढईत उरते, सकाळी गोठ्यात जाते, आणि अर्ध्या पळीच्या नादात पाव किलो वांगी हातची जातात. म्हणून तेल कमी करायचं तर ते कुठं दिसतं हे आधी ओळखायला हवं. कांदा-खोबरं तेलात परतण्याऐवजी कोरड्या तव्यावर किंवा चुलीच्या निखाऱ्यावर खरपूस भाजून वाटायचं. रस्सा निम्म्या तेलात शिजवायचा. त्यातलंच दोन चमचे तेल मागं ठेवायचं. ते शेवटी तापवायचं, गॅस बंद करायचा, जरा निवू द्यायचं, मग त्यात तिखट घालून लगेच रश्श्यावर ओतायचं. तिखटाचा रंग तेलात उतरतो, त्यामुळे दोन चमच्यांतही तर्री वर तरंगते. घाई केली आणि धूर निघणाऱ्या तेलात तिखट पडलं तर ते तीन-चार सेकंदांत काळं होतं आणि अख्खं घर खोकत बसतं.

सुक्या भाजीला निराळा इलाज लागतो. कढईवर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ठेवायचं. भाजी स्वतःच्या वाफेवर शिजते, खाली लागत नाही. पातळ बुडाच्या कढईत मात्र हे जमत नाही. तिथं ओतलेलं जास्तीचं तेल हा त्या स्वस्त कढईचा रोजचा हप्ता असतो. झुणक्याच्या वाटेला तर जाऊच नये. कमी तेलात बेसनाच्या गुठळ्या होतात आणि घास घशात अडकतो. तेल संपत आलं असेल त्या दिवशी पातळ पिठलं करावं.

तेल डब्यानं घ्यावं की थैलीनं, हा जुना वाद आहे. १५ किलोचा डबा किलोमागे थोडा स्वस्त पडतो, पण भरलेल्या डब्यासमोर हात सैल होतो. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं. दुकानात तशाच दिसणाऱ्या ७५०-८०० ग्रॅमच्या थैल्याही असतात, म्हणून भावाआधी वजन वाचावं. काहीही आणलं तरी आठवड्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढायचं. पाच माणसांच्या घराला अर्धा लिटर. ते बाजाराच्या दिवसापर्यंत पुरवायचं. बाटली आधीच तळाला गेली तर दोन दिवस कण्या, अंबील, ताकाची कढी.

किराण्याचं दुसरं गणित दुकानदाराच्या वहीत असतं. जूनमध्ये होता तो पैसा बियाण्याखताला जातो आणि सोयाबीन-कापसाचा चुकारा दिवाळीच्या आगेमागे येतो. मधले चार-पाच महिने किराणा उधारीवर चालतो. उधारीच्या भावात किलोमागे दोन-चार रुपये जास्त लागलेले असतात, आणि वहीत नाव असलेल्या माणसाला तराजूकडे निरखून पाहता येत नाही. त्यात पोरगं बिस्किटाचा पुडा आणतं, ‘बाबानं लिहून ठेवा म्हटलं’ असं सांगून. घरीही एक वही असावी, त्याच दिवशी लिहावी आणि दर आठवड्याला दुकानातल्या वहीशी ताडून पाहावी. चार महिन्यांनी ताडायला गेलं तर फक्त भांडण होतं. उधारीवर मीठ, साखर, चहा, तेल एवढंच घ्यावं. डाळ उधारीवर घेणं मात्र तूर पिकवणाऱ्या कास्तकाराला शोभत नाही. ती जानेवारीत पोत्यानं विकायची आणि ऑगस्टमध्ये किलोनं विकत आणायची, हा व्यवहार वर्षानुवर्षं चालला आहे.

तर डाळ घरी करायची. पाच माणसांना रोज दीडशे ग्रॅम धरली तर वर्षाला ५५ किलो लागते, आणि त्यासाठी ८० किलो तूर मागं ठेवावी लागते. कारण तुरीचा उतारा, म्हणजे तुरीतून निघणारी डाळ, शेकडा ६५ ते ७० च्या पुढं घरगुती जात्यावर सहसा जात नाही. तुरीचं साल दाण्याला चिकट थरानं धरून असतं. हरभऱ्यासारखं ते सहज सुटत नाही, सगळी कटकट त्याचीच. तूर चाळून, खडे निवडून आधी जात्याचा वरचा पाळू जरा उचलून एकदा भरडून घ्यायची, म्हणजे सालाला चिरा पडतात. मग दहा किलोला ५० ते १०० ग्रॅम तेल हातानं चोळायचं आणि ढीग करून रात्रभर पोत्याखाली झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवसापासून दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं. शेवटच्या संध्याकाळी पाण्याचा हलका शिपका मारून पुन्हा रात्रभर झाकायचं, सकाळी वाळवायचं आणि भरडायचं. तेल चिरांतून आत जातं, पाण्यानं दाणा फुगतो, उन्हानं आकसतो, आणि साल हात सोडतं.

बिघडतं ते बहुतेक वाळवण्यात. कच्च्या वाळलेल्या तुरीचं साल निघत नाही, दाणा चेपतो. पाळू घट्ट बसला तर डाळीची चुरी होते. रात्रभर पाण्यात भिजवून, लाल माती लावून करायचीही रीत आहे. त्या डाळीचं साल चांगलं निघतं, पण ती शिजायला वेळ घेते, म्हणजे तिकडं वाचलेलं इकडं सिलिंडरमध्ये जातं. जातं ओढायला माणूस नसेल तर गावात मिनी दाल मिल पाहावी, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेलं यंत्र पीकेव्ही मिनी दाल मिल याच नावानं ओळखलं जातं.

आता हिशेब, आणि तो खराच करावा. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. तो हातात पडणार असेल तर ८० किलोचे ६,४०० होतात. बाजारात डाळ १२० रुपये किलो धरली तर ५५ किलोचे ६,६००. म्हणजे फायदा २००, आणि भरडाईचे पैसे दिले की तोटा! पण व्यापारी साडेसहा हजारानं मागत असेल तर तीच तूर ५,२०० ची, आणि चौदाशेची जागा तयार होते. शिवाय २५ किलो चुरी, चुनी नि फोलपट उरतं. चुरीचं वरण घरी होतं, चुनी-फोलपट गाईपुढं जातं आणि ढेपेला तेवढी विश्रांती मिळते. जमेत न दिसणारी बाजू आणखी एक आहे: पावसाळ्यात वहीवर डाळीची ओळ येत नाही. पण पैशाची गरज पडली की ही ८० किलो तूर पहिली विकली जाते. म्हणून बाकीची बाजार समितीत नेण्याआधीच ही भरडून टाकावी. भरडलेली डाळ विकायला कुणी नेत नाही.

भुंग्याचंही तेच. तो आख्ख्या दाण्यावर अंडी घालतो; डाळीला त्याचा त्रास कमी होतो. मे महिन्यात डाळीला दोन दिवस ऊन द्यावं आणि सावलीत पूर्ण निवू द्यावं, मगच कोठीत भरावं. गरम डाळ भरून झाकण लावलं की आत घाम सुटतो आणि तिसऱ्या आठवड्यात कुबट वास येतो. कडुनिंबाचा पाला घालायचा तर वाळवून घालावा. ओला पाला टाकणारे बुरशीला आमंत्रण देतात आणि दोष निंबाला देतात.

बाकीचं भराभर. कंट्रोलचं धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५. ई-केवायसी राहून गेलेलं नाव मात्र धान्य गमावू शकतं, तेवढं पाहून घ्यावं. गंमत अशी की गरिबाची म्हणून ओळखली जाणारी भाकर आता पोळीपेक्षा महाग झाली आहे. सोयाबीननं वावरं घेतली, ज्वारी विकत आणावी लागते आणि गहू मोफत मिळतो. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर तरोट्याची कोवळी पानं, मग चिवळ, अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला हे सगळं बांधावरून येतं. तणनाशक फवारलेल्या धुऱ्यावरून मात्र काडीही तोडू नये. पालक, मूठभर हरभरा डाळ आणि शेंगदाणे घातलेल्या डाळभाजीत दीडशे ग्रॅम तूर डाळ पाच जणांना दोन वेळ पुरते. तिखटासाठी मिरची मार्च-एप्रिलमध्ये घ्यावी, भिवापुरी असो की दुसरी. मुठीत दाबल्यावर कडकड वाजली पाहिजे, नाहीतर पाण्याचं वजन मिरचीच्या भावानं घेतलं जातं. भेदरं, म्हणजे टमाटे, स्वस्त झाली की कापून टिनावर वाळवावी.

वाचलेल्या पैशाचं काय होतं, हा अवघड भाग. स्वयंपाकघरात वाचलेले पाचशे रुपये स्वयंपाकघरातच राहिले तर आठवड्यात कुठं जातात ते देवालाही सांगता येणार नाही. शेकडा तीननं घेतलेले २०,००० धरा. महिन्याचं व्याज ६००, वर्षाचं ३६ टक्के. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, पण गावात परवाना कोण विचारतो? महिन्याला हजार भरले तर हे कर्ज ३१ महिने चालतं. पळी, डाळ आणि बिस्किटांतून निघालेले पाचशे त्यात मिळवून दीड हजार भरले तर १८ व्या महिन्यात संपतं, आणि सुमारे पाच हजार रुपये कमी द्यावे लागतात. जास्तीचे पाचशे ‘मुद्दलात जमा’ असं लिहून घ्यावं, तारखेसह. नुसते हातात ठेवले तर ते पुढच्या महिन्याच्या व्याजात मोडले जातात. बँकेच्या पीककर्जाची घाई करू नये, मुदत मात्र चुकवू नये. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं, आणि एकदा मुदत गेली की ते शून्यही गेलं.

या सगळ्यातून एक पदार्थ वगळलेला बरा. गोळाभात. भरड डाळीचे गोळे भातात मुरलेले, आणि त्यावर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. तिथं अर्धी पळी चालत नाही. भात कोरडा राहतो, गोळा फुटून पिठासारखा दाताला लागतो. महिन्यातून एकदाच करावा, आणि त्या दिवशी बाटलीत किती उरलं ते न पाहता अख्ख्या दोन पळ्या ओताव्यात.