फादर श्मिट यांच्या मागावर: होनोलुलूत खिसा कापला, डब्यूकला पत्ता लागला

होनोलुलूतल्या वायकीकी किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या लॉबीत ‘संपूर्ण पर्ल हार्बर, ओक्लाहोमा स्मारकासह’ अशी पाटी लावून बसलेल्यांकडून काहीही विकत घेऊ नका. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र डोक्यात ठेवा. माणशी दीडशे डॉलर मोजले आणि ज्या स्मारकासाठी गेलो, ते गाइडने बसच्या काचेतून बोटाने दाखवलं. डावीकडे बघा, म्हणाला. बघितलं. बस पुढे गेली.

मी वसईचा, सध्या मुक्काम शिकागोत. फादर अलॉयशियस श्मिट यांचं चरित्र जिथे जिथे घडलं ती ठिकाणं बघायची, एवढाच बेत होता. हा आयोवातल्या सेंट लुकास नावाच्या एवढ्याशा गावातला शेतकरी मुलुखातला पोरगा. जन्म 1909चा, 1935 साली रोममध्ये गुरुदीक्षा, 1939 साली नौदलात चॅपलेन, म्हणजे सैनिकांचा धर्मगुरू. 7 डिसेंबर 1941ला, रविवारी सकाळी पर्ल हार्बरमध्ये ‘ओक्लाहोमा’ युद्धनौकेवर त्यांची मिस्सा (कॅथलिक उपासना) नुकतीच आटोपली होती, तेवढ्यात जपानी टॉर्पेडो एकामागून एक बसले. जहाज काही मिनिटांत कलंडलं. गोल खिडकीतून फादर अर्धे बाहेर आले आणि अडकले. मागे आणखी माणसं आलीत हे कळल्यावर त्यांनी स्वतःला परत आत ढकलायला लावलं आणि एकेकाला त्या भोकातून बाहेर लोटलं. बाराजण वाचले. फादर आतच राहिले. बत्तिसावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले होते.

‘दुसऱ्या महायुद्धात मेलेले पहिले अमेरिकन धर्मगुरू’ हे बिरुद सगळीकडे चिकटवलेलं दिसेल. त्याच सकाळी शेजारच्या ‘ॲरिझोना’ युद्धनौकेवर चॅपलेन थॉमस कर्कपॅट्रिकही गेले. दोघांत आधी कोण, याचा हिशेब करणाऱ्यांशी वाद घालू नका, वेळ जातो.

आता पैशांचं. दीडशे डॉलरमध्ये मला काय मिळालं? पहाटे उठून अकरा हॉटेलांसमोर थांबत थांबत जाणारी बस. ‘ॲरिझोना’ स्मारकाचं तिकीट, जे मुळात फुकट असतं आणि सरकारी संकेतस्थळावर आरक्षणाचा एक डॉलर पडतो. बॅग ठेवायचे पैसे वेगळे. जेवण वेगळं. बॅगेबद्दल आधी कोणी अवाक्षर काढलं नाही. अभ्यागत केंद्रात पाठीवरची सॅक, पर्स, बाळाची पिशवी, काहीही चालत नाही. मोबाइल, पाकीट, पाण्याची बाटली हातात घेऊन जा. लॉकरच्या रांगेत आमचा अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास ‘ओक्लाहोमा’च्या वाट्यातून कापला, असं गाइडने तोंड वर करून सांगितलं.

स्वतः जायचं तर सोपं आहे. वायकीकीहून सार्वजनिक बस जाते, तीनेक डॉलर. ‘ॲरिझोना’ची आरक्षणं आठ आठवडे आधी उघडतात, उरलेली आदल्या दिवशी दुपारी तीनला, हवाईच्या वेळेप्रमाणे. ‘ओक्लाहोमा’ स्मारक फोर्ड बेटावर आहे. तो चालू नौदल तळ आहे, तुमची गाडी किंवा तुमचे पाय तिथे चालत नाहीत, अभ्यागत केंद्रातून शटल घ्यायची. ‘मिसूरी’ युद्धनौकेच्या थांब्यावर उतरलात की स्मारक बाजूलाच. ते बघायला तिकीट नाही. खिडकीवर तेवढं ‘फक्त ओक्लाहोमा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर ‘मिसूरी’चं तिकीट गळ्यात मारतील.

मी दुसऱ्या दिवशी असाच परत गेलो. 429 पांढरे संगमरवरी खांब, प्रत्येकावर एक नाव. पांढऱ्या गणवेशातले खलाशी जहाजाच्या कठड्याशी ओळीने उभे राहतात, तशी त्यांची रचना आहे. सावली नाही. उन्हात नावं वाचत फिरायला डोक्यावर टोपी हवीच. जहाजाचा सांगाडा शोधू नका. 1943 साली ते सरळ केलं गेलं आणि 1947 साली भंगारात ओढून नेताना वाटेतच समुद्रात बुडालं. ‘ॲरिझोना’सारखं पाण्याखाली बघण्याजोगं इथे काही नाही.

होनोलुलूतल्या पंचबोल लष्करी दफनभूमीत फादरांची ‘कबर’ बघायला पाठवणारे जुने लेख अजून फिरतात. कबर तिथे नाही. ‘ओक्लाहोमा’वरच्या 388 जणांची ओळख न पटल्याने ते तिथे अनामिक म्हणून पुरले होते. 2015 साली अवशेष बाहेर काढले आणि 2016 साली फादरांची ओळख पटली. बेपत्तांच्या भिंतीवर नाव मात्र आहे. ओळख पटलेल्यांच्या नावाशेजारी कांस्याचं छोटं फूल बसवतात. चढ अंगावर येणारा आहे, सकाळी नऊच्या आत उरका.

खरी जागा डब्यूक, आयोवा. शिकागोहून गाडीने तीन तास. रस्ता सुंदर आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नकाशात ‘चॅपलेन श्मिट आयलंड’ टाकलंत तर तुम्ही थेट जुगारखान्यासमोर उतराल. मिसिसिपीतलं हे बेट फादरांच्या नावाचं आहे, तिथे सैनिकांचं स्मारकही आहे, पण पार्किंग भरतं ते कॅसिनोमुळे. 2022पर्यंत तिथे कुत्र्यांच्या शर्यतीही चालायच्या. बारा माणसं वाचवलेल्या पाद्र्याच्या नावाने स्लॉट मशीन! मला हसू आलं, मग राग आला, मग भूक लागली. वीस मिनिटं पुरे.

जायचं ते लोरास कॉलेजच्या ‘क्राइस्ट द किंग’ चॅपलमध्ये. फादर याच कॉलेजचे विद्यार्थी, तेव्हा त्याचं नाव कोलंबिया होतं. 8 ऑक्टोबर 2016ला त्यांना इथे पुरलं, म्हणजे मृत्यूनंतर जवळजवळ पंचाहत्तर वर्षांनी. जहाजातून सापडलेला त्यांचा चषक आणि प्रार्थनापुस्तक कॉलेजने जपलंय. पुस्तकातली खूण 8 डिसेंबरच्या प्रार्थनांवर होती, दुसऱ्या दिवशीची तयारी. चॅपल उघडं असेलच असं धरू नका, आधी फोन करा. मिस्सा चालू असेल तर मागे बसा, फोटो काढत फिरू नका.

कॉलेज टेकाडावर आहे. फोर्थ स्ट्रीटच्या टोकाला 296 फूट लांबीची रुळांवरची लिफ्ट आहे, ती 189 फूट वर नेते. एका बँकरने 1882 साली दुपारी घरी जाऊन वामकुक्षी घेता यावी म्हणून ती बांधली. माणूस आपल्यातला वाटला. पण लिफ्ट कॉलेजच्या दारात सोडत नाही, वर गेल्यावर बरंच चालायचं आहे. मजेसाठी बसा, सोयीसाठी नको.

सेंट लुकास आणखी वायव्येला, दोन तास धरा. चर्च, घरं, मक्याची शेतं, बस्स. टाकी डब्यूकलाच भरा, जेवणही तिथूनच बांधून न्या. शेजारचं स्पिलव्हिल, जिथे चेक संगीतकार ड्वोरझाकने 1893चा उन्हाळा काढला, ते मी गाडीतूनच बघितलं. दमलो होतो. तुमच्यात जोर असेल तर उतरा.

हिवाळ्यात मात्र यातलं आयोवाचं काही करू नका. लिफ्ट बंद असते आणि बर्फात त्या टेकाडावर गाडी घसरली की विम्याचा हप्ता वायकीकीच्या दीडशे डॉलरना मागे टाकेल.