तुम्ही विचारलेत म्हणून: त्या प्रशिक्षणाने माझ्या वर्गात काय बदलले?

वंशभेदविरोधी प्रशिक्षणाने तुमच्या शिकवण्यात नेमका काय फरक पडला, हे मला सहकारी विचारतात, पालकही विचारतात. कोणाला ‘काहीच नाही’ ऐकायचे असते, कोणाला ‘सगळेच बदलले’. दोन्ही उत्तरे खोटी ठरतील, म्हणून एकदा नीट लिहिते.

प्रशिक्षणात येल विद्यापीठातला २०१६ चा एक प्रयोग सांगितला होता. लहान मुलांच्या शिक्षकांना चित्रफिती दाखवल्या, कोण दांडगाई करते यावर लक्ष ठेवायला सांगितले आणि त्यांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपले. चित्रफितीत दांडगाई कोणीच करत नव्हते. तरी नजर जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलग्यांवर खिळली. माझी नजर अशी नाही, असे मी तेव्हा खात्रीने मानले.

पुढच्याच महिन्यात गुलामांच्या व्यापाराचा धडा आला. सुमारे सव्वा कोटी माणसांना जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेल्याचे मी शब्द जपून, आवाज उतरवून सांगत होते. तास संपल्यावर तिसऱ्या बाकावरचा मुलगा, वर्गातला एकटाच कृष्णवर्णीय, दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत मागे थांबला.

“बाई, जहाजांचे सांगताना तुम्ही दर वेळी माझ्याकडेच का बघत होतात?”

“तुला वाईट वाटत नाही ना, ते बघत होते.”

“तुम्ही बघितलेत, मग सगळेच बघायला लागले.”

पट्टा सोडवून तो निघून गेला. वर्ष संपेपर्यंत इतिहासाच्या तासाला त्याने हात वर केला नाही. माझा हेतू चांगला होता, असे मी कित्येक दिवस स्वतःला समजावले, आणि तो होताही; पण त्या बाकावर बसलेल्याला माझा हेतू दिसत नव्हता, नजर दिसत होती. प्रशिक्षणाने मला सावध केले आणि त्या सावधपणाचा भार मी त्याच्यावर टाकला.

खरा बदल घडला तो मोजदादीने. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे सुधारतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी दाखवून दिले होते. मी घड्याळ ठेवून वहीत खुणा करू लागले. त्या मुलाला प्रश्न विचारून मी लगेच पुढच्याकडे वळत होते, त्याची फजिती होऊ नये म्हणून! आता मी थांबते, सगळ्यांसाठी सारखीच.

हे प्रशिक्षणाचे श्रेय नव्हे, असे सहकारी म्हणतात आणि ४९२ अभ्यासांचे २०१९ मधले विश्लेषण पुढे करतात: मनातले सुप्त पूर्वग्रह थोडे हलले, तरी त्यामुळे वागणे बदलल्याचे त्यात दिसत नाही. मला ते पटते. तरीही प्रशिक्षणाशिवाय मी वही हाती घेतली असती का, याचे उत्तर मला देता येत नाही.

यंदा तोच धडा मी मागच्या भिंतीकडे बघत शिकवला. ते शिकवणे नव्हे, हे मला कळते.